लेखकाच्या रकान्यात "अज्ञात" लिहून घेतलं त्याचे पैसे: जुनी पुस्तकं कॅटलॉग करून देणाऱ्या दोघींचा रिव्ह्यू

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच, पण आधी काम काय होतं ते सांगतो म्हणजे ही सर्व्हिस कुणाच्या उपयोगाची आहे आणि कुणी उगाच पैसे घालू नयेत ते कळेल.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरून जुन्या वाचनालयांची, देवस्थानांची, घरातल्या माळ्यावरच्या पेट्यांमधली पुस्तकं साफ करून, तपासून, त्यांचा कॅटलॉग करून देणाऱ्या दोघी आहेत. एक लायब्ररी सायन्सवाली, दुसरी इंग्रजी घेऊन एमए झालेली आणि मग त्यातच अडकलेली. नाव-नंबर इथे टाकत नाही, त्यांनीच नको सांगितलंय, कामं आधीच तुंबलीत म्हणे. जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयाच्या ग्रंथपालाला विचारा, पत्ता लागतो.

आमच्या वाचनालयात एक कपाट आहे, सगळे त्याला साहेबाचं कपाट म्हणतात. ब्रिटिश काळात कुणी अधिकारी बदली होऊन जाताना पुस्तकं देऊन गेला असं ऐकत आलोय, कागद काही नाही. दमट हवा, मधे छप्पर गळत होतं, वाळवी एकदा येऊन गेली आणि कसर तर कधी गेलीच नाही. तळाशी वेखंडाचे तुकडे निघाले, म्हणजे कधीतरी कुणालातरी काळजी होती. रजिस्टरला या सगळ्या पुस्तकांपुढे लेखकाच्या जागी "इंग्रजी" एवढंच लिहिलेलं. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या वाचन मंदिराच्या पुस्तकांचं काय झालं ते बघितल्यावर आमची कमिटी जागी झाली, की बाबांनो उद्या गेलंच तर काय गेलं याची यादी तरी हातात असूदे.

तर त्या कपाटात बाकीच्या मालाबरोबर निघाल्या जुन्या इंग्रजी टवाळ कविता. म्हणजे सॅटायर. राजा, त्याच्या बायका, दरबारी, पाद्री, दुसरे कवी, कुणालाही सोडलेलं नाही, सगळ्यांची पद्यात बिनपाण्याने केलीय. "पोएम्स ऑन अफेअर्स ऑफ स्टेट" नावाच्या संकलनाचा एक सुटा भाग, रॉचेस्टर-रॉस्कॉमन-डॉर्सेट या तीन उमरावांचं अठराव्या शतकात पुन्हा पुन्हा छापलं गेलेलं एकत्र पुस्तक (त्यातला चावट भाग कुणीतरी ब्लेडने व्यवस्थित कापून नेलाय, वाचकांची आवड जुनीच आहे), आणि १८१६ चं "द ग्रँड मास्टर", त्यात हिंदुस्थानातल्या साहेबलोकांचीच टर उडवलीय.

आमचे अध्यक्ष, आम्ही भाऊ म्हणतो त्यांना, त्यांचे डोळे लकाकले ते पहिल्या पुस्तकाच्या टायटल पेजवर. हे संकलन १६९७ ला निघालं तेव्हा पहिल्याच पानावर कवींची नावं ओळीने लावली होती, ड्यूक ऑफ बकिंगहॅम, अर्ल ऑफ रॉचेस्टर, डेनम, मार्व्हेल, मिल्टन, ड्रायडन, वॉलर वगैरे, आणि वर अशी मखलाशी की हे सगळं त्या काळच्या थोर थोर विद्वानांनी लिहिलेलं आहे. आमची प्रत नंतरच्या आवृत्तीची, पानाचा खालचा अर्धा भाग साल आणि दुकानदारासकट वाळवीच्या पोटात, पण मिल्टन शाबूत. आता मिल्टन-ड्रायडन म्हणजे इंग्रजीतले बडे कवी. झालं. भाऊंनी ठरवून टाकलं की दर्शनी फलकावर "मिल्टन व ड्रायडन यांची दुर्मिळ पुस्तके" असं रंगवायचं आणि अनुदानाच्या अर्जातही तेच घालायचं. इंग्रजीवाल्या मॅडमनी पान बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, ही नावं पुस्तक खपावं म्हणून छापलीत. मिल्टनची ओळ कुठली ते आतल्या पानात दाखवा, मी लगेच लिहिते."

इथून जे रामायण झालं त्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय. कारण लेखकाचं नाव लिहून देणारे पुष्कळ मिळतील हो, नाव लिहायला नकार देणारा कॅटलॉगर मिळणं कठीण.

असा घोळ का असतो ते त्यांनी कमिटीच्या मीटिंगमधेच सांगितलं, आणि मीटिंगला एवढी हजेरी मी आधी कधी पाहिली नव्हती. इंग्लंडात टवाळ कविता छापणं हा धोक्याचा धंदा होता. जून १५९९ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप आणि लंडनचा बिशप या दोघांनी हुकूम काढला की यापुढे सॅटायर छापायचे नाहीत, आणि मार्स्टन वगैरे मंडळींची पुस्तकं सरळ जाळली. पुढे १६६२ चा परवान्याचा कायदा, तो मधे काही वर्षं सोडली तर १६९५ पर्यंत टिकला, त्यात रॉजर लेस्ट्रेंज नावाचा माणूस छापखान्यांवर धाडी घालत फिरायचा. १६६४ मध्ये जॉन ट्विन नावाच्या मुद्रकाला राजद्रोही मजकूर छापला म्हणून फाशी दिली आणि देहाचे तुकडे केले. मग कोण शहाणा आपलं नाव घालेल? कविता हाताने लिहून फिरायच्या, कॉफीहाऊसमधे, दरबारात, वह्यांमधून. रॉबर्ट ज्युलियन नावाचा एकजण अशा नकला विकायचाच धंदा करायचा, १६८४ मध्ये त्याला खोड्यात उभं केलं. आणि उतरवून घेणारा प्रत्येकजण कानावर आलेलं नाव खाली टाकणार किंवा नाव गाळणार, आणि कुणाचा सूड घ्यायचा असेल तर मुद्दाम त्याचं घालणार.

नाव चुकीचं चिकटलं की काय होतं याची गोष्ट तर सगळ्यांना पाठ झालीय आता. १६७९ च्या शेवटाला लंडनमधे "एसे अपॉन सॅटायर" नावाची कविता हस्तलिखितात फिरत होती, त्यात राजाच्या रखेल्यांपासून रॉचेस्टरपर्यंत सगळ्यांना झोडलेलं. लोक म्हणाले ही ड्रायडनचीच. १८ डिसेंबरच्या रात्री कॉव्हेंट गार्डनजवळ रोझ ॲलीत ड्रायडनला भाडोत्री गुंडांनी धरून बेदम चोपला. ५० पौंडांचं बक्षीस जाहीर झालं, गुन्हेगार सापडले नाहीत ते नाहीतच. आणि कविता होती अर्ल ऑफ मल्ग्रेव्हची! उमराव मस्त मोकळा आणि कवीच्या पाठीवर वळ. मॅडम म्हणाल्या लेखकाचा रकाना भरताना मला हा माणूस आठवतो. भाऊ त्यावर गप्प बसले, पण तेवढ्यापुरतेच.

खरी बाजी मारली आमच्या शिपायाने. तो जाखडीत, म्हणजे शक्ती आणि तुरा अशा दोन पक्षांच्या नाच-गाण्याच्या सामन्यात, नाचलेला माणूस, तुरेवाल्यांच्या बाजूचा. शक्ती-तुऱ्याच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात शाहिराचं आणि गुरूचं नाव येतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो म्हणाला, "भाऊ, नाव काय, कोन पन घालतो. आमच्या गुरूचं नाव घालून मीच चार गानी केलीत, तो बिचारा वर गेल्यावर." तुकोबांच्या आणि नामदेवांच्या नावावरचे अभंग निवडताना आपल्या अभ्यासकांच्या नाकी नऊ येतात ते याचमुळे, तिकडे नाव पुसलेलं, इकडे नाव घातलेलं, त्रास तोच.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. एका पुस्तकाला एक नोंद हा त्यांचा साधा दर, ९० रुपये. संकलनाच्या पोटातली प्रत्येक कविता वेगळी नोंदवून हवी असेल तर कवितेमागे ३५ वेगळे. आम्ही टवाळ पुस्तकांसाठी दुसरा पर्याय घेतला आणि तोच घ्या असं सांगेन, कारण "संकलन, विविध कवी" एवढ्याच नोंदीला काही अर्थ नाही.

एक नोंद कशी असते बघा. संकलनाच्या आमच्याकडच्या सुट्या भागात चित्रकाराला उद्देशून लिहिलेल्या कविता आहेत. मूळ भानगड अशी की १६६५ मध्ये डचांविरुद्धची लढाई जिंकल्यावर वॉलर या कवीने चित्रकाराला सूचना देण्याच्या थाटात ड्यूक ऑफ यॉर्कचं, म्हणजे राजाच्या भावाचं, जो आरमाराचा प्रमुख होता, कौतुक गायलं, की असं काढ, तसं काढ. लगेच दुसऱ्या कुणीतरी त्याच थाटात "आता हेही काढ" म्हणून आरमाराच्या भ्रष्टाचाराचं आणि भित्रेपणाचं चित्र उभं केलं. १६६७ च्या छापील पुस्तकावर नाव सर जॉन डेनमचं. डेनमची बायको ड्यूकची रखेल आणि डेनमला मधे वेडाचा झटका आलेला, त्यामुळे त्याचं नाव घालणं हीच एक चेष्टा असावी असंही म्हणतात. आज बरेच संपादक अँड्र्यू मार्व्हेलकडे झुकतात पण एकमत नाही. तर नोंदीत काय लिहिलंय: पुस्तकातलं शीर्षक, पहिली ओळ, शेवटची ओळ, ओळी किती, कुठल्या पानापासून कुठपर्यंत, छापील नाव डेनम, आजचा कल मार्व्हेल, दर्जा "वादात", आणि कशावरून ते दोन वाक्यांत. दर्जाचे त्यांचे पाच शब्द ठरलेले आहेत: पक्कं, बहुधा, वादात, काढलेलं, अज्ञात. काढलेलं नाव पुसत नाहीत हे मला फार आवडलं, बाजूला ठेवतात, कारण जुन्या पुस्तकातला संदर्भ घेऊन कुणी डेनमच्या नावाने शोधत आला तर त्यालाही कविता सापडली पाहिजे.

पहिली ओळ कशाला, असं मीही विचारलं. तर या कवितांना शीर्षक म्हणजे कुणीही बारशाला दिलेलं नाव, वहीगणिक वेगळं. पहिली ओळ त्यातल्या त्यात टिकते. म्हणून या क्षेत्रातले लोक पहिल्या ओळींच्या सूच्या करतात. ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीतल्या हस्तलिखितांची मार्गारेट क्रमने केलेली सूची १९६९ ला दोन खंडांत आली, आणि आता अमेरिकेतली फोल्जर लायब्ररी अनेक लायब्ऱ्यांची एकत्र सूची नेटवर फुकट देते. दोघी तिथे बसून ओळी टाकतात, आणि स्पेलिंगं त्या काळची, कशीही, त्यामुळे एकेक ओळ तीन-चार तऱ्हांनी टाकून बघावी लागते. पहिली ओळही कधीकधी दगा देते. रॉचेस्टरने दुसऱ्या चार्ल्स राजावर लिहिलेली जी कविता चुकून राजाच्याच हातात दिली आणि मग दरबारातून पळ काढला असं सांगतात, ती काही वह्यांमधे वेगळ्याच ओळीपासून सुरू होते, म्हणून शेवटची ओळ आणि ओळींची संख्याही हवी.

बाकी संदर्भ म्हणजे १६४१ ते १७०० च्या छापील पुस्तकांसाठी विंगचा कॅटलॉग, १७०१ ते १७५० च्या पद्यासाठी डेव्हिड फॉक्सनचा, जो १९७५ चा आहे आणि अजून त्याच्याच नंबरांनी लोक बोलतात, आणि याच संकलनावरून नाव घेतलेले येल विद्यापीठाचे सात खंड, १९६३ ते १९७५. आमच्या प्रतीचं साल वाळवीने खाल्लं होतं ना, ते त्यांनी कसं काढलं ते मी शेजारी बसून बघितलं. जुन्या छपाईत पानाच्या तळाशी बांधणीसाठी अक्षर-आकड्याची खूण असते आणि पुढच्या पानाचा पहिला शब्द आधीच कोपऱ्यात छापलेला असतो. वेगवेगळ्या आवृत्त्यांचे स्कॅन लॅपटॉपवर उघडून, ती खूण वरच्या ओळीतल्या नेमक्या कुठल्या अक्षराखाली येते ते पानोपानी जुळवत बसल्या. टाइप नव्याने जुळवला की ती खूण थोडी तरी सरकतेच. लाइट दोनदा गेली, मोबाईलच्या टॉर्चवर चालू.

रॉचेस्टरच्या पुस्तकावर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. १६८० मध्ये रॉचेस्टर वारल्यावर लगेच त्याच्या नावाने एक पुस्तक निघालं, प्रकाशनस्थळ "अँटवर्प", प्रत्यक्षात लंडनलाच छापलेलं, आणि आत दुसऱ्यांच्या कविता खच्चून भरलेल्या. डेव्हिड व्हीथ नावाच्या अभ्यासकाने १९६३ मध्ये अख्खं पुस्तक त्या एका पुस्तकावर लिहिलं, कुठली कविता कुणाची ते निवडत. "द डिसअपॉइंटमेंट" नावाची कविता त्यात रॉचेस्टरची म्हणून होती, ती अफ्रा बेन या बाईंची, त्यांनी १६८४ च्या स्वतःच्या संग्रहात घातली. नंतर रॉचेस्टरच्या नावाने निघालेल्या पुस्तकांमधे हा घोळ वाहत आला. आमच्या नोंदींमधे रॉचेस्टरच्या नावापुढे "काढलेलं" हा शब्द इतक्यांदा आला की भाऊ म्हणाले, "अहो मॅडम, आमचं काही ठेवाल की नाही?"

नावाचा शोध कसा गोल फिरतो त्याचं एक उदाहरण त्यांनी सांगितलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. ड्रायडनचं "मॅक फ्लेक्नो" १६८२ मध्ये चोरून छापलं गेलं, वर लिहिलं की "ॲब्सलम अँड अकिटोफेलच्या लेखकाकडून". आणि ते ॲब्सलम स्वतःच १६८१ मध्ये निनावी आलं होतं! अर्थात लंडनमधे सगळ्यांना माहीत होतं. नार्सिसस लट्रेल नावाचा एक गृहस्थ विकत घेतलेल्या प्रत्येक पत्रकावर तारीख, किंमत आणि कधी शेरा लिहून ठेवायचा, त्याच्या ॲब्सलमच्या प्रतीवर १७ नोव्हेंबर आहे म्हणून आज आपल्याला ती कविता कधी बाजारात आली ते कळतं. आमच्या पुस्तकातही कुणीतरी हात चालवलाय. कवितांमधे राजा आणि मंत्र्यांची नावं पहिलं-शेवटचं अक्षर ठेवून मधे रेघ मारून छापलेली असतात, कायद्यातून सुटायला. आमच्या प्रतीत त्या रेघांवर तपकिरी झालेल्या शाईने नावं भरलीत, एका ठिकाणी भरून परत खोडलंय आणि वर दुसरंच लिहिलंय. मॅडमनी भिंग लावून दोन्ही वाचली आणि नोंदवलं की ही कुणा जुन्या वाचकाची समजूत आहे, लेखकाचा पुरावा म्हणून धरू नये. मला विचाराल तर अख्ख्या कपाटातली सगळ्यात भारी गोष्ट ती खोडाखोड आहे.

भाऊंच्या भाच्याने मधेच मोबाईलवर कुठल्याशा एआयला दोन ओळी टाकून विचारलं, त्याने क्षणात ठासून मिल्टन सांगितलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून. तेव्हा मॅडमनी सांगितलं की कॉम्प्युटरने लेखक ओळखायची खरी पद्धत आहे आणि गंमत म्हणजे ती याच काळाच्या कवितांवर तपासलीय. जॉन बरोज या ऑस्ट्रेलियन प्राध्यापकाने २००२ मध्ये डेल्टा नावाचं माप मांडलं, त्यात भारीभारी शब्द नाही तर "द", "अँड", "ऑफ" असले बारके शब्द कोण किती वापरतो ते मोजतात, कारण त्याकडे लेखकाचं स्वतःचंच लक्ष नसतं. २५ कवींच्या कवितांवर ताडून बघितलं. पण कविता लांब असेल तर ठीक, चाळीस ओळींच्या टवाळीवर ते चालवलं तर काहीही उत्तर येऊ शकतं, आणि त्यांच्या नोंदींमधे म्हणूनच त्यावरून एकही नाव दिलेलं नाही. शिवाय "रॉबिन्सन क्रूसो" लिहिणाऱ्या डिफोचं सांगितलं, की १९६० च्या एका यादीत त्याच्या नावावर साडेपाचशेच्या घरात लिखाणं जमा झाली होती आणि १९९४ मध्ये फरबँक आणि ओवेन्स यांनी त्यातल्या अडीचशेच्या आसपास लिखाणांवर शंका घेतली. मोठ्या नावाला लोक चिकटवतच जातात.

"द ग्रँड मास्टर" वर मात्र मला वाटलं होतं तेवढं हाती लागलं नाही. लेखक म्हणून "क्विझ" हे टोपणनाव एवढंच, चित्रं रोलंडसनची. रोलंडसनच्या चित्रांना पद्य लिहिणारा विल्यम कोंब प्रसिद्ध, म्हणून हेही त्याचंच असा अंदाज काही कॅटलॉगांत प्रश्नचिन्हासकट येतो. आमच्याकडे "अज्ञात, कोंब असल्याचा जुना अंदाज". चित्रं आमच्या प्रतीत निम्मी नाहीत, गावात कुणाच्या तरी दिवाणखान्यात फ्रेममधे असतील.

आता पाचवा स्टार. एक तर वेळ. ठरलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर फाइल आली आणि मधे फोन उचलत नाहीत, मेसेजला दोन दिवसांनी अंगठा. दुसरं, एक्सेल फाइल आधी पूर्ण इंग्रजीत दिली, वाचनालय मराठी, मराठी रकाना सांगून भरून घ्यावा लागला आणि त्यात एकदा ड्रायडन, एकदा ड्रायडेन. फोटोंचे पैसे वेगळे हे आधी बोलल्या नव्हत्या. आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की मॅडमचा जीव टवाळ कवितांवर. त्याच कपाटात १८८० चा रत्नागिरी-सावंतवाडीचा गॅझेटिअर आहे, गावातली माणसं येऊन मागतात तो तोच, जमिनीच्या, देवस्थानच्या भानगडींसाठी. त्याला एक ओळीची नोंद! नकाशा जागेवर आहे की नाही तेसुद्धा लिहिलेलं नाही. रॉचेस्टरच्या न लिहिलेल्या कवितांना पानंच्या पानं आणि आमच्या जिल्ह्याला एक ओळ, हे पटलं नाही, आणि तसं तोंडावर सांगितलंय. त्या म्हणाल्या पुढच्या फेरीत करू. बघू.

साफसफाईला मात्र पूर्ण मार्क. आमच्या लोकांनी सेलोटेप लावून ठेवलेली पानं बघून लायब्ररीवाल्या ताई अशा काही बोलल्या की तेव्हापासून सेलोटेपचं रीळ भाऊंच्या ड्रॉवरमधे कुलपात आहे. डांबरगोळ्या काढायला लावल्या, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं, मागे बुरशीचा नकाशाच होता.

फलकाचं म्हणाल तर तडजोड झाली. आता तिथे "मिल्टन, ड्रायडन आदींच्या नावे प्रसिद्ध झालेले दुर्मिळ पुस्तक" असं आहे. भाऊंना नाव मिळालं, मॅडमना "नावे" मिळालं. अनुदानाच्या अर्जासोबत मात्र अख्खा कॅटलॉग "वादात" आणि "अज्ञात" सकट जोडलाय, अजून उत्तर नाही.

बोलवणार असाल तर मे संपायच्या आत बोलवा, जून लागला की त्या जुनी पुस्तकं उघडतच नाहीत, दमट हवेत पान फाटतं म्हणून. दर, फोटोंचे पैसे आणि मराठी रकाना आधी लिहून घ्या. तुमच्या गावाला उपयोगी पुस्तकं कुठली ती यादी पहिल्याच दिवशी हातात द्या, नाहीतर त्या टवाळांच्या मागे जातील. आणि स्कॅनची एक कॉपी वाचनालयाबाहेर, वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी घरी ठेवा.